आजोबांच्या पक्षाचा झेंडा

आमच्या आजोबांच्या पक्षाचे उज्जैनमध्ये तीन सदस्य होते आणि त्यांत दोन गट होते.

पक्ष कट्टर सनातनी. कुठलाही बदल नको, एवढंच धोरण. सभेत लाउडस्पीकर लावावा का, यावरूनच तो फुटला! (लाउडस्पीकर शास्त्रात नाही म्हणणारा गट, म्हणजे एकटे आजोबा.) निवडणुकीत पक्षाला जेवढी मतं पडली, त्याहून जास्त माणसं माझ्या मुंजीत जेवली.

घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी इतिहासाच्या प्रकल्पाला मी हाच पक्ष घेतला. सर म्हणाले, "असली सबूत लाओ, वरना फेल!"

असली सबूत एकच, ट्रंकेतला झेंडा. कोरा भगवा, पण रंग पार उडालेला.

"आजोबा, भैरवगढला चादरी रंगवतात, तिथून रंग चढवून आणू?"

"आण. पण दुसरा काही बदल नको!"

रंगाऱ्याला पक्ष, परंपरा, सगळं समजावायचं ठरवून गेलो होतो. तोंडातून निघालं एवढंच, "भैया, अच्छा कर देना."

त्यानं केलं! चार दिवसांनी घडी उलगडली, तर झेंडाभर लालभडक कोयऱ्या. वर काठाला वेल!

"भैया, ये क्या किया?"

"सादा था, तो छाप दिया. तकिये का कपड़ा नहीं लाए?"

दुसऱ्याच दिवशी तोंडी परीक्षा. आई म्हणाली, "छान झालंय की! दिवाणावर टाकू." आजोबांनी झेंड्याची नीट घडी घातली. मग एवढंच म्हणाले, "उद्या मी येतो."

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी झेंडा उलटसुलट पाहिला. "ये बूटे कैसे?"

"सर... म्हणजे... वो..." मी चाचरलो.

दारातून आजोबा गरजले (लाउडस्पीकरशिवाय), "पार्टी का निशान! एक-एक बूटा, एक-एक गाँव!"

परीक्षक भराभर लिहू लागले. "ये तो किसी किताब में नहीं है!"

"होगा कैसे?" आजोबा म्हणाले.

बाहेर आल्यावर मी पुटपुटलो, "आजोबा, तुम्ही चक्क खोटं बोललात?"

"मग काय, नापास होतोस? चल, रिक्षा बघ!"

मी पास झालो, तेही पहिल्या वर्गात. परीक्षक आता त्या कोयऱ्यांवर शोधनिबंध लिहिताहेत, त्यात माझे आभार मानणार आहेत. तो कोणी वाचू नये म्हणून मी रोज देवाला हात जोडतो. शोधनिबंध आहे, एवढाच काय तो आधार!