अँटेना काढल्यावरही आलेला आवाज

आधीच सांगतो, मी फिजिक्स शिकवणारा माणूस. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा सांगायला जातो. पण हे माझ्याच टेबलावर, रविवारी सकाळी, लख्ख उजेडात घडलंय!

टिळकवाडीत आमचं घर. गच्चीवर अँटेना, खालच्या खोलीत माझा हॅम रेडिओचा सेट. दर रविवारी दहाला आम्ही काही हौशी मंडळी रेडिओवर भेटतो. त्यात निपाणीचे अण्णा, वय बहात्तर, गावाबाहेर तंबाखूच्या शेतात एकटेच राहतात. मला हा नाद त्यांनीच लावला. त्या दिवशी अण्णा आलेच नाहीत. फोन लावला तर नुसता वाजत राहिला.

बाकीचे गेल्यावरही मी ऐकत बसलो. खरखरीत काहीतरी पुसट बोलणं होतं. प्रीअँप लावला – म्हणजे येणारा सिग्नल वाढवणारं बटण – तर खरखरच वाढली. मग उलटं केलं, अ‍ॅटेन्युएटर लावला. तो आत येणारं सगळंच कमी करतो, बोलणंही आणि खरखरही. खरखर खाली गेली... आणि बोलणं होतं तेवढंच राहिलं!

"गच्चीवर हाय रं... पडलोय..."

अण्णांचा आवाज! मी अ‍ॅटेन्युएटर आणखी वाढवला. सिग्नल मोजणारा काटा शून्यावर. सेटच्या हिशेबानं आत काहीच येत नव्हतं, आणि अण्णा मात्र शेजारी बसून बोलल्यासारखे स्पष्ट. मी माईकवर हाका मारल्या. उत्तर नाही, पुन्हा तेच शब्द.

"सुनंदा, इकडं ये गं लवकर!"

बायको हात पुसत आली. "अण्णाच की हे! असं का बोलालेत?"

मी सेटमागची अँटेनाची वायर उपसून काढली. आवाज चालूच!

सुनंदानं माझ्या हातातल्या वायरकडं पाहिलं. "ते मागनं बघू. आधी गाडी काढा."

वाटेतलं काकती गाव कधी मागे पडलं कळलंच नाही. सुनंदा सारखी अण्णांना फोन लावत राहिली, मी गाडी दामटत राहिलो. अण्णांचं दार उघडंच होतं. धावत वर गेलो तर अँटेनाचा लोखंडी खांब आडवा, आणि त्याखाली अण्णा! श्वास चालू होता. दोघांनी मिळून खांब बाजूला केला, अँब्युलन्स बोलावली. तीन बरगड्या मोडल्या होत्या. पण वाचले!

त्यांचा सेट खालच्या खोलीत होता. बंद. प्लगसुद्धा काढलेला.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात मी विचारलं, "अण्णा, किती वेळ वरडत हुतासा?"

"वरडतोय कुठला? छातीवर लोखंड, श्वास घ्यायला येईना. तोंडातनं शब्द फुटला न्हाय. मनातल्या मनात तुला सांगत हुतो रं, एवढंच."

सुनंदानं माझा दंड घट्ट धरला.

माझा सेट दोन जाणकारांनी उघडून पाहिला. बिघाड नाही. वायर काढल्यावरही आवाज आला म्हटल्यावर दोघांनीही विषय बदलला. अण्णांना विचारलं तर ते नुसते हसतात, आणि हसताना अजून बरगडी दुखते म्हणून मलाच शिव्या घालतात.