मागे सरकत मांडलेले कागद

मी पदवीधर झालो तो आक्कामुळे. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. चौथीनंतर ती शाळा सोडून आईबरोबर भातखाचरात उतरली, म्हणून मला भोरला राहून शिकता आलं.

सत्तरच्या दशकात पुण्यातल्या एका संस्थेत मला कॉम्प्युटरवर हंगामी नोकरी लागली. कायम होण्याआधीच मोठं काम अंगावर आलं. ग्रहाजवळून जाणाऱ्या अंतराळयानाची हलती चित्रफीत करायची होती. यान कुठल्या क्षणी कुठं असेल ते कॉम्प्युटर काढायचा, त्याला जोडलेलं यंत्र पेनानं तसं चित्र रेखायचं, आणि ते कागद एकामागून एक कॅमेऱ्याखाली ठेवून फिल्म व्हायची. यंत्राला फक्त रेघा येत. ग्रहाची अंधारी बाजू प्रत्येक कागदावर हातानं काळी करावी लागे.

सोमवारी कॅमेरा मिळणार होता आणि काम माझ्या एकट्याच्यानं उरकेना. शनिवारी कुणाला न विचारता गठ्ठा मेणकापडात गुंडाळला आणि आक्काच्या सासरी, वेल्ह्याला, एसटीनं निघालो. संस्थेचे कागद बाहेर नेले हे कळलं तर नोकरी जाणार, हे पक्कं ठाऊक होतं. वाटेत शेजारच्यानं नुसतं “काय हाय वो त्यात?” विचारलं, तरी मी गठ्ठा छातीशी ओढून घेतला.

भाऊजींनी कागद पाहिले. “एवढं कालेज शिकून वांगी रंगवतोस व्हय रं?”

“गप बसा की. सरकारी वांगी हायती ती,” आक्का म्हणाली.

भाताची लावणी नुकतीच उरकली होती. हवा इतकी दमट की शाई वाळेना. आक्कानं घमेल्यात निखारे आणून ठेवले, तेव्हा एखादी ठिणगी उडेल म्हणून माझा जीव अर्धा झाला. मी खिडकीशी पाठमोरा बसून रंगवायचो आणि ती एकेक कागद घेऊन सोप्यात जमिनीवर ओळीनं वाळत मांडायची.

“यष्टी लागली!” रविवारी दुपारी भाऊजी ओरडले. आक्कानं दारापासून मांडत नेलं असणार, असं धरून मी आतल्या भिंतीपासून उचलत दाराकडे आलो, म्हणजे पहिला कागद सगळ्यात वर राहील. कागदांचे अनुक्रमांक मागच्या बाजूला होते. शाई पुसेल या भीतीनं एकही उलटून पाहिला नाही.

सोमवारी गठ्ठा होता तसाच कॅमेऱ्याखाली गेला, आणि काही दिवसांनी फिल्म धुऊन आली. साहेब आणि पाहुण्यांसमोर दिवे मालवले, पडद्यावर यान आलं. संदेश पाठवणारी, पृथ्वीकडे वळलेली यानाची थाळी मागे राहायला हवी, ती पुढे होती. यान उलटं, ज्या वाटेनं जायचं त्या वाटेनं परत येत होतं. तेव्हा उमगलं. आक्का लावणीच करत होती. भात लावणारी बाई मागे सरकत येते, लावलेलं तुडवत नाही. तिनं भिंतीपासून सुरुवात करून दाराशी संपवलं होतं, आणि तो शेवटचा कागदच माझ्या गठ्ठ्यात वर आला होता.

“हे मागे का चाललंय?” अंधारात साहेबांचा आवाज आला.

कागद मीच उलट्या क्रमानं लावले, एवढं कसंबसं सांगितलं आणि म्हणालो, “फिल्म शेवटच्या टोकाकडून चढवली तर क्रम सरळ होईल.”

“चित्र डोक्यावर उभं राहील ना?”

“साहेब, तिथं वर-खाली नसतंच.”

फिल्म चढवेपर्यंत मी खुर्चीची पाठ धरून उभा होतो. आता ते विचारणार, कुठं लावले, कुणी लावले. मग यान पुन्हा आलं, ग्रहाला वळसा घालून थाळी मागे ठेवून निघून गेलं.

“चालेल,” साहेब म्हणाले. बाकी काही विचारलं नाही. त्या संध्याकाळी मी पत्र लिहिलं.

“ती. आक्कास साष्टांग नमस्कार. वांगी साहेबांना पसंत पडली. नोकरी राहिली. कागद तुझ्याकडे आणले होते हे भाऊजींनी बाजारात कुणाला सांगू नये, मला अजून धास्ती वाटते. तू मांडलेले बरोबर होते, उचलताना मी तुला विचारलं नाही. दिवाळीत येतो. निखाऱ्यानं तुझं बोट भाजलं होतं, ते बरं झालं का, कळव.”