घंगाळ कुठलं?

दौंड मागं पडल्यावर मला जाग आली. बाहेर दाट धुकं होतं आणि माझ्या मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं आईचं घंगाळ (अंघोळीचं पाणी काढायचं तांब्याचं पसरट भांडं). बडनेऱ्याला गाडीत चढताना ते दारावर आपटलं आणि त्याला चांगला पोचा पडला. निघताना बायकोनं बजावलं होतं, "भांडं न्या, तोंड घरीच ठेवा."

तिचं काही चुकत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मुलीच्या, मृणालच्या लग्नात हळदीच्या अंघोळीला आम्ही हेच घंगाळ काढलं होतं. व्याही नाना म्हणजे पुण्याच्या कसबा पेठेतले निवृत्त कारकून. त्यांनी काठावर टिचकी मारली आणि म्हणाले, "हे आमच्या कसब्यातलं काम." मी म्हणालो, आमच्या विदर्भातल्या भंडाऱ्याचं. तेवढ्यावरून आम्ही पंगत उठेपर्यंत भांडलो आणि बोलणं बंद झालं. बाळंतपणाला मृणाल माहेरी आली नाही, बायकोच तिकडं गेली. बारशालाही मी गेलो नाही. माझी नात सई दहा महिन्यांची झाली, ती मी फोनमध्येच पाहिली. आता सईच्या अंघोळीसाठी मृणालनं घंगाळ मागवलं होतं, आणि वर एक अट घातली होती. वाद झाला तर यापुढं मी यायचं नाही, तीच सईला घेऊन वर्षातून एकदा येईल.

पुण्यात उतरलो तेव्हाही धुकं विरलेलं नव्हतं. अर्धवट झोपेत रिक्षात बसलो आणि पुण्यात उभ्या आयुष्यात तिसऱ्यांदा आलेला मी चालकाला म्हणालो, दुसऱ्या रस्त्यानं जवळ पडेल. त्यानं रिक्षा कडेला घेतली. "या पुढं. तुम्ही चालवा, मी मागं बसतो." मग तो त्याच्याच रस्त्यानं निघाला. नदी, पूल, फुलांच्या टोपल्या, पेपर वाचत उभे असलेले म्हातारे, सगळं धुक्यातून सावकाश येत होतं आणि जात होतं.

नानांच्या इमारतीच्या जिन्यात ठोक्यांचा आवाज ऐकू आला. लांब कुठं तरी कोणी धातू ठोकत होतं, अगदी एका लयीत. मृणालनं दार उघडलं. सईनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं आणि आईच्या खांद्यात तोंड लपवलं. मला फार वाईट वाटलं. मग पोहे आले. पोह्यांत साखर होती. तीही मी काही न बोलता गिळली.

नाना घंगाळाभोवती फिरून म्हणाले, "आली म्हणायची आमच्या पेठेतली वस्तू घरी."

"भंडाऱ्याहून आली जी," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

मृणाल सईला उचलून आत गेली आणि दार लावून घेतलं. आम्ही दोघं म्हातारे समोरासमोर बसून राहिलो. बाहेर ठोके चालूच होते. शेवटी नाना म्हणाले, पोच्याचा कंगोरा पोरीला लागेल, तो आधी काढून आणू.

बोळ अरुंद होते. ऊन वरच्या मजल्यांवरच राहिलं होतं, खाली सावलीत आम्ही एकामागोमाग चालत होतो. ठोके जवळ येत होते. मला मात्र पाय ओढत न्यावे लागत होते, कारण एक गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नव्हती. लग्नानंतरच्या दिवाळीत घंगाळ घासताना काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं मला दिसली होती. वाचून मी चिंच बाजूला ठेवली आणि पुन्हा कधी त्या जागेला हात लावला नाही. आयुष्यभर मी मोजणीदार होतो. भांडणाऱ्या शेजाऱ्यांच्या बांधावर जाऊन खरं काय ते मोजून सांगायचं, हीच माझी नोकरी होती.

तांबटांच्या आळीत सगळं तांबूस दिसत होतं. भिंतींवर, कारागिरांच्या कपाळावर तांब्याचा उजेड हलत होता. एका म्हाताऱ्या तांबटानं मठार (हातोडीच्या ठोक्यांची नक्षी) थांबवून घंगाळ मांडीवर घेतलं आणि विचारलं, "कुठलं हे?"

"कसब्यातलं," नाना म्हणाले. "भंडाऱ्याचं," मी त्याच क्षणी म्हणालो.

तांबटानं आमच्याकडं पाहिलं. "पोचा काढायचाय की भांडायचंय? पोचा निघेल."

त्यानं पाच-सहा ठोक्यांत पोचा काढला. मला ते बंद दार आठवलं. मी तांबटाच्या बायकोकडं चिंच आणि मीठ मागितलं, पायरीवर बसलो आणि काठाखालची काळी पडलेली जागा घासू लागलो. आधी आईचं नाव वर आलं. मग त्याखाली, 'कसबा, पुणे'.

"तुमचं बरोबर होतं," मी म्हणालो.

नानांनी चष्मा लावून वाचलं. "तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवाळीत."

ते माझ्याशेजारी पायरीवर बसले. "अहो, मला कुठं माहीत होतं? मला तांब्या-पितळेतलं काही कळत नाही. मांडवात गप्प काय बसायचं, म्हणून बोललो होतो."

आम्हाला हसू आलं, पण ते टिकलं नाही. मला मावशी आठवली. आईला माहेरहून मिळालेलं हे घंगाळ पुण्याहून इतक्या लांब वऱ्हाडात कसं आलं, ते तिनं सांगितलं असतं. लग्नात ती आमच्या पंगतीतच बसली होती आणि मी तिला काही विचारलं नाही. गेल्या वर्षी ती गेली.

घरी आल्यावर मी सगळं मृणालला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, रडली, आणि सईला माझ्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सई घंगाळात बसली आणि दोन्ही हातांनी पाणी उडवू लागली. तिला खाली दोन दात आलेले होते. आले तेव्हा मी तिथं नव्हतो.

परतीच्या गाडीत मांडी मोकळी मोकळी वाटत होती. गाडी हलली, उन्हात शेतं सरकू लागली. आईच्या माहेरचं आता कोण उरलंय ते मी आठवत बसलो. एक मामी तेवढी निघाली, नव्वदीतली. तिला फोन लावला. घंगाळाचं नाव काढताच ती म्हणाली, "त्याचं काय मोठं? तुला तर सगळंच माहीत असतं."

"नाही मामी," मी म्हणालो. "मला माहीत नाही. तू सांग."