४८ केबीत राहून गेलेलं अक्षर

टीव्हीच्या पडद्यावर एकच अक्षर उमटलं होतं, ‘आ’. त्यावरून मेश्राम काकांच्या दोन्ही मुलांत जुंपली.

“आ म्हणजे आई,” सुनंदा म्हणाली. “आईची आठवण येऊन राहिली त्यांना. बाबा हे घर सोडून जायचे नाहीत.”

“अरे दीदी, आ मतलब आ रहा हूँ!” प्रशांत म्हणाला. तो रायपूरला असतो. मराठी समजते, पण तोंड उघडलं की हिंदीच निघते. “पापा मेरे साथ चल रहे हैं। गाड़ी नीचे खड़ी है।”

काका खुर्चीत बसलेले. डाव्या हाताचं बोट कीबोर्डवर. पडद्यावरची चौकट अक्षरांवरून गोल गोल फिरत होती आणि ते बटण दाबायला तयार नव्हते. प्रोग्राम माझा होता, त्यामुळे दोघेही माझ्याकडे बघायला लागले.

थोडं मागचं सांगतो. अर्धांगवायूने काकांची जीभ आणि उजवा हात गेला. डोकं शाबूत, पण बोलणं कोणालाच कळेना. मोबाइलवर लिहून पाहिलं, तर थरथरणारं बोट एका अक्षराऐवजी तीन उमटवायचं. मी लॅपटॉप नेला, तो त्यांनी बाजूला सारला आणि कपाटाच्या वर बोट दाखवलं. तिथे त्यांचा जुना होम कॉम्प्युटर होता. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून प्रोग्राम भरायचा, कंपनी कधीच बंद पडलेली. त्याच मशीनवर त्यांनी आमच्या वस्तीतल्या विहाराच्या खोलीत आम्हा पोरांना प्रोग्रामिंग शिकवलं. सोबत मराठीही शिकवली, कारण आम्ही सगळे हिंदी शाळेतले, बाळाला ‘बाल’ म्हणणारे. “ल नाही, ळ!” ते ओरडायचे. “बाल डोक्यावर असतात, बाळ पाळण्यात असतं!”

मी आमच्या शहराच्या ओमती भागातल्या एका ऑफिसात दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवतो. काकांच्या मशीनसाठी लिहायचा प्रोग्राम करायला सुट्टी मागितली तर बॉस हसले.

“कितनी मेमरी है उसमें?”

“अठ्ठेचालीस केबी, सर.”

“केबी? भैया, अपने बिल का लोगो इससे बड़ा है!”

खरंच होतं. ४८ केबी म्हणजे ४९,१५२ बाइट. त्यातले ६,९१२ पडद्याचं चित्रच खातं. उरले ४२,२४०. एवढ्यात सगळं बसवायचं, आणि मशीनला देवनागरीचा गंधही नाही. प्रत्येक अक्षर मी सोळा बाय सोळा ठिपक्यांत स्वतः काढलं. एका अक्षराला बत्तीस बाइट. पडद्यावर सात ओळी, ओळीत आठ घरं, एकूण छप्पन. अकरा स्वर, तेहतीस व्यंजनं, अकरा काना-मात्रा-वेलांट्या आणि एक घर ‘खोडा’साठी. बेरीज बरोबर छप्पन आली, तेव्हा मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. अशी तंतोतंत बेरीज बिलिंगमध्ये नशिबात नसते.

वापर सोपा. चौकट आधी ओळींवरून फिरते. हवी ती ओळ आली की कुठलंही बटण दाबायचं. मग ती त्या ओळीतल्या घरांवरून फिरते, पुन्हा दाबायचं. बोट थरथरून तीनदा लागलं तरी पहिलंच धरायचं, पुढचा अर्धा सेकंद मशीनने बहिरं व्हायचं. टेपरेकॉर्डरचा पट्टा गळून पडला होता, म्हणून प्रोग्रामचा आवाज मोबाइलमध्ये भरला आणि वायरीने मशीनला ऐकवला. ती जुनी किर्रर्र ऐकून काकांचे डोळे चमकले. माझे पण.

प्रशांत त्यांना न्यायला येणार होता आणि सुनंदा सोडणार नव्हती. बाबांना काय हवं ते बाबाच सांगतील, एवढ्यावर दोघं राजी झाली होती. आणि बाबा ‘आ’वर अडले.

“दादा, काहून थांबले ते?” सुनंदाने विचारलं. “थकले का?”

थकलेले दिसत नव्हते, चिडलेले होते. मी चौकटीऐवजी त्यांच्याकडे बघायला लागलो. ओळ त्यांनी आधीच निवडली होती. य, र... चौकट ‘ल’वर आली आणि काकांनी मान हलवली. नाही. पुढच्या फेरीला पुन्हा ‘ल’, पुन्हा नाही. ल नाही.

ल नाही!

“ळ!” मी ओरडलो. “काका, ळ पाहिजे?”

त्यांनी डाव्या हाताने खुर्चीवर अशी थाप मारली की टीव्ही हलला.

वीस वर्षं हिंदी बिलं बनवतो. हिंदीच्या वर्णमालेवरून घरं भरली आणि माझी बेरीज जुळली. हिंदीत ळ नसतो. माझ्या मायबोलीत असतो.

“कितना टाइम लगेगा?” प्रशांतने विचारलं.

“आधा घंटा. गाडीवाल्याला चहा पाज.”

घर रिकामं नव्हतं, म्हणून ‘ङ’ला उठवलं. त्याने सुरू होणारा एकही शब्द मी आजवर लिहिलेला नाही. चौकटीच्या वहीचं पान घेतलं, ळची दोन वेटोळी काढली, एकेका ओळीचे दोन आकडे, असे बत्तीस आकडे मांडले. ते सुनंदा वाचत गेली, मी लॅपटॉपमध्ये टाकत गेलो. आवाज पुन्हा मोबाइलमध्ये. किर्रर्र सुरू झाली आणि मध्येच कोणाचा तरी मेसेज आला, टिंग! लोडिंग फसलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं बाल म्हणणाऱ्याकडे बघायचे.

“फ्लाइट मोड पे डालो, भैया!” प्रशांतने माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि स्वतःच आवाज फुल केला. दोघं भावंडं वायर धरून बसली. आज पहिल्यांदाच एका बाजूला.

लोड झालं. आ. मग ळ. मग वेलांटी.

“आळी?” सुनंदा पुटपुटली. “कोणती आळी?”

“चुप दीदी, लिखने दो!”

प. काना. पुन्हा ळ. पुन्हा वेलांटी. न. मात्रा.

आळीपाळीने.

सुनंदाला लगेच कळलं. तिने पदर तोंडाला लावला. प्रशांत माझ्याकडे वळला, “मतलब?”

“बारी-बारी से,” मी म्हणालो. “कभी तेरे यहाँ, कभी इसके यहाँ.”

 तो वडिलांच्या पायाशी बसला आणि अडखळत, पण मराठीत बोलला, “बाबा, आधी कोण?”

चौकट पुन्हा फिरायला लागली.  च. ह. काना.

चहा.

तेव्हा पहिली पाळी स्वयंपाकघराची लागली. दुसरी रायपूरची. गाडीत काकांच्या मांडीवर मशीन होतं आणि मागच्या सीटवर टीव्ही. प्रोग्रामचा आवाज दोन्ही भावंडांच्या मोबाइलमध्ये ठेवून दिला आहे, म्हणजे माझी वाट बघायला नको.

नवं काम आलं की आजही आधी हिशोबच करतो. फक्त क्रम बदलला. बाइट नंतर मोजतो, आधी समोरच्याची अक्षरं मोजतो.