डब्यात ठेवलेला शर्ट

मी आयुष्यभर सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासली. स्लाईडवर दिसलं ते लिहायचं, नाही दिसलं तर 'निल' लिहायचं आणि आपला अंदाज आपल्याजवळ ठेवायचा – एवढंच मला येतं. त्यात आम्ही बौद्ध. वडिलांनी तरुणपणी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात भूत, भानामती, अंगात येणं यातलं काही शिरलं नाही. कावळ्याला घाससुद्धा ठेवत नाही आम्ही. गेलेलं माणूस गेलं, त्याच्या नावानं पोरांना वह्या वाटा, हे मी लोकांना तोंडावर सांगत आले. या सदरातले अनुभव वाचून मी हसलेयसुद्धा, खोटं कशाला बोलू? आता हसायची पाळी तुमची...

कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या बाजूला आमचं दोन खोल्यांचं घर आहे. स्वयंपाकघरातून मागं दार, त्याबाहेर फरशी घातलेलं छोटं परसू, त्यात नळ, धुण्याचा दगड आणि कढीपत्त्याचं झाड. कमरेच्या वर येणारी भिंत, भिंतीपलीकडे पद्माकाकूंचं घर. काकू जैन, वयानं माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या, कानानं अजून तिखट.

आमचे मिस्टर जवळच्याच एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. इंजिनाचे पार्ट लेथवर करायचे. संध्याकाळी घरी आले की आधी वास यायचा, मग माणूस. ग्रीस, कटिंग ऑईल, घाम. मी दारातच ओरडायची, "तिथंच काढा ते कापड! आत आणू नका!" आणि हे मुकाट्यानं परसात जाऊन खाकी शर्ट-पँट खिळ्याला अडकवायचे.

रविवार हा त्या कपड्यांचा वार. ते धुण्यावरून आमचं लग्न झाल्यापासून भांडण होतं. माझं म्हणणं, कडकडीत पाण्यात सोडा टाकून भिजवा. ह्यांचं म्हणणं, "गरम पाणी नगं वतूस. डाग बसतोय त्यानं." ह्यांची पद्धत अशी – आधी डागावर लाकडाचा भुसा चोळायचा, तेल शोषलं की झटकायचा. मग रॉकेलचा बोळा, मग जुन्या ब्रशनं घासायचं, आणि साबण सगळ्यात शेवटी. कधी मी धुवायची, कधी हे. पण शर्टाचा खिसा मात्र कायम हेच उलटा करायचे. लग्नानंतर नवीनच असताना लेथवरून खिशात पडलेल्या लोखंडाच्या किसानं माझं बोट चांगलंच कापलं होतं. त्यानंतर कधी विसरले नाहीत. खिसा उलटा करायचा, कीस कढीपत्त्याच्या मुळाशी टाकायचा आणि म्हणायचं, "झाडाला टॉनिक." कपडे वाळत घालतानाही खिसा बाहेर काढलेलाच.

अठ्ठ्याण्णव सालच्या थंडीत एका शनिवारी हे कामावरून आले, शर्ट खिळ्याला लावला, जेवले, झोपले. सकाळी उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हार्ट बंद पडलं.

माणसं आली, गेली. मुलगा पुण्याला नोकरीवर परत गेला. त्यानंतर मी परसात गेले, तर शर्ट तिथंच. खिसा आत, किसासकट. मी तो धुतला नाही. जन्मभर ज्या वासाला नाक मुरडलं, तो आता तेवढ्या एका शर्टात उरला होता. तांदळाच्या स्टीलच्या डब्यात तो घालून घट्ट झाकण लावलं आणि डबा कपाटात ठेवला. अगदीच राहवेनासं झालं, की झाकण उघडायची. उघडून लगेच बंद करायची, वास संपेल म्हणून. मुलगा म्हणायचा, "आई, पुण्याला ये, एकटी काय करतेस तिथं?" त्याला काय सांगणार? त्याच्या फ्लॅटमध्ये हा डबा कुठं ठेवायचा?

कुणाशी बोलायची सोय नव्हती. लॅबमधल्या बायका त्यांच्याकडच्या गप्पा सांगायच्या – कावळा शिवला, म्हणजे अमक्याची इच्छा पुरी झाली. मी एरवी वाद घातला असता. आता ऐकून घ्यायची. त्यांना निदान विचारायला कावळा तरी होता.

दोन हजार एकच्या मे महिन्यात नेसरीला माझ्या भाचीचं लग्न निघालं. शनिवारी सकाळी मी मागच्या दाराला आतून कडी घातली, पुढच्या दाराला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि एसटी धरली. रात्री नेसरीतच मुक्काम. रविवारी सकाळी विहारात लग्न लागलं, जेवण झालं, आणि दुपार कलताना मी घरी पोचले.

कुलूप जसंच्या तसं. आत काही हललेलं नाही. कपाट बंद. पण ओट्यावर तांदळाचा डबा पालथा घातलेला – धुऊन, निथळायला.

पिशवी तिथंच टाकली. मागच्या दाराकडे धावले. कडी आतून होती, माझ्या हातानं काढली. बाहेर दोरीवर खाकी शर्ट वाळत होता. खिसा बाहेर काढलेला.

शर्ट स्वच्छ होता. तुम्हाला यातलं माहीत नसेल तर सांगते – ग्रीस वर्षानुवर्षं कापडात मुरलं, की रॉकेल नाही, सोडा नाही, काही लागू पडत नाही. त्यातून डाव्या बाहीवरचा काळा डाग तर हे असतानाही कधी निघाला नव्हता. तोही आता नव्हता. दगडाजवळ ब्रश, अजून दमट. कढीपत्त्याच्या मुळाशी चिमूटभर कीस, उन्हात चमकत होता.

मी शर्ट ओढून नाकाला लावला. साबण आणि ऊन. बाकी काही नाही.

भीती वाटली असेल, असं वाटतंय ना तुम्हाला? नाही वाटली. राग आला. असा राग मला आयुष्यात आला नव्हता. दगडावर बसून मी मोठ्यानं भांडले, "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? तेवढंच होतं की हो माझ्याकडं!" आणि मग रडले. हे गेले तेव्हा माणसांच्या गराड्यात जे रडायचं राहिलं होतं, ते सगळं.

आवाज ऐकून काकू भिंतीपाशी आल्या.

"काय झालं वैनी? सकाळी तर बरं हुतं की सगळं."

"मी सकाळी नव्हते काकू. आत्ता आले नेसरीहून."

"असं कसं? सकाळी कापडं घासत हुतासा की! ब्रशचा आवाज येत हुता, रॉकेलचा वास बी आला. मी आतनंच हाक मारली, वैनी लगीन टाकून आलासा व्हय म्हणून. हात जरा थांबला. मग परत घासाय लागलासा. ओ बी न्हाय दिली तुम्ही."

काकूंना मी नंतर अनेकदा खोदून विचारलं. त्यांनी एक शब्द बदलला नाही.

लॅबच्या सवयीनं मी पहिला संशय स्वतःवर घेतला. पण मी नेसरीत होते, लग्नाच्या फोटोत आहे. चोर म्हणावं तर काही गेलं नाही, आणि कपडे धुऊन जाणारा चोर मी तरी ऐकला नाही. दुसरी किल्ली मुलाकडे, तो पुण्यात. आणि किल्ली असली तरी मागच्या दाराची कडी आतून लावून पुढच्या दाराला कुलूप घालून, गुपचूप कोण कशाला निघून जाईल? भावाला सगळं सांगितलं. "ताई, हे दुसऱ्या कुणाला बोलू नकोस," एवढंच म्हणाला.

शर्ट अजून आहे. घडी करून कपाटात. ह्यांच्याच वर्कशॉपमधून थोडं ग्रीस मागून आणलं होतं मी, वेड्यासारखी. डब्यात ठेवून बघितलं. तो नुसता ग्रीसचा वास होता.

काकूंमुळे गल्लीत कळलंच. लोक सांगतात, मिस्टरांनी तुम्हाला मोकळं केलं, आता मुलाकडं जा. सांगणाऱ्याचं काय जातं? मला यातलं काही कळलेलं नाही, रिपोर्टात अंदाज लिहायचा नसतो, म्हणून लिहीत नाही. मी पुण्याला गेले नाही, एवढं खरं. रविवारी सकाळी तर मी भाजीलासुद्धा बाहेर पडत नाही. मागचं दार उघडं ठेवते, दगडाशेजारी ब्रश आणि रॉकेलची बाटली ठेवते, आणि आत बसते.

काकूंच्या एका हाकेला ह्यांचा हात थांबला होता. म्हणजे ऐकू जातं. मग मी इतक्या हाका मारल्या, त्या कुठं गेल्या? ओ नको मला. भेटायलाही नका येऊ. फक्त एकदा, मी घरात असताना, परसातून घासल्याचा आवाज येऊ दे.