गोलखांबांच्या मागची रांग

मी दोन उंच खांबांच्या मधोमध उभी होते. अंगात पांढरा शर्ट, डोक्यावर पांढरी टोपी, हाताशी दोन निशाणं. समोर ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं अंडाकृती मैदान. पाठीमागे कुंपण, आणि कुंपणाला टेकून बसलेली महाराष्ट्र मंडळाची रांग.

लांबून मारलेला चेंडू उजव्या खांबाला पुसटसा घासून आत आला. मी तळहाताने खांब थोपटला, एक बोट दाखवलं, एक निशाण हलवलं. म्हणजे एक गुण. न घासता आला असता तर सहा.

मागून वयस्कर आवाज आला. "अहो, सरळसरळ गोल होता हा. ही बाई कुठून आणली यांनी?"

"काका, ती माझी रूममेट."

"अस्सं? आडनाव काय तिचं?"

"आडनाव नाही लावत ती. समजून घ्या."

"हां, हां. म्हणजे सवलत इथंही पोचली म्हणायची."

"कटऑफ खाली आणला असेल, काका."

रांग हसली.

काकांना उत्तरं देणारी मधुरा होती, माझी रूममेट; शेवटचं वाक्यही तिचंच. तिचा आवाज मी कुठेही ओळखला असता. दोन वर्षं रोज सकाळी बाथरूमच्या दारावर थाप मारून "आटप गं" म्हणणारा तोच आवाज.

चेंडू खेळात असताना खांबांमधला पंच, म्हणजे गोल अंपायर, मागे वळत नाही. बचाव करणाऱ्या खेळाडूने चेंडू उचलून परत मारलाही होता. मी पुढे बघत राहिले. आजूबाजूला हजारभर तरी माणसं असतील. त्यांच्यातल्या एकालाही मागे काय बोललं गेलं ते कळलं नाही. कळणारी मी एकटी. आणि मला पाठ फिरवून उभं राहायचं होतं.

हा सामना टोरोंटोमधल्या एका क्रिकेटच्या मैदानावर झाला. ऑस्ट्रेलियातले दोन व्यावसायिक संघ प्रदर्शनीय सामन्यासाठी आले होते. मुख्य पंच त्यांनी सोबत आणले. दोन्ही टोकांचे गोल अंपायर मात्र इथल्या हौशी लीगमधून घ्यायचं ठरलं. त्यासाठी लेखी परीक्षा होती आणि मैदानावर चाचणी होती. दोन्ही सगळ्यांना सारख्याच. मी निवडली गेले.

या खेळात मी आले ती ऑफिसमुळे. सगळ्यांच्या कमरेला ब्लॅकबेरी फोन लटकायचे ते दिवस. टोरोंटोशेजारच्या मिसिसागात, विमानतळाजवळच्या एका लॉजिस्टिक्स कंपनीत मी सॉफ्टवेअरचं काम करायचे. शेजारच्या टेबलावर ग्रेग. मूळचा मेलबर्नचा, शनिवारी पार्कात हा खेळ खेळणारा. त्यांच्याकडे खेळायला माणसं होती, खांबांमध्ये उभं राहायला कोणी नव्हतं. "फक्त जे दिसेल ते सांगायचं," तो म्हणाला. मला ते काम जमलं. आवडलंही. जे दिसलं ते हाताने दाखवायचं, निशाण हलवायचं. मग पार दुसऱ्या टोकाचा अंपायर तसंच निशाण हलवून उत्तर देतो, की तू दाखवलंस ते मला मिळालं. तो माझ्याबद्दल दुसरं काही विचारत नाही.

मधुरा पुण्याची. नॉर्थ यॉर्कमध्ये आम्ही दोघी एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. माझ्या शनिवारच्या सामन्यांना ती डबा घेऊन यायची, थालीपीठ आणि दही. गवतावर बसायची. पहिल्या उन्हाळ्यात ती मला नियम विचारायची, दुसऱ्या उन्हाळ्यात इतरांना समजावून सांगायची. खांबाला लागलं की एकच गुण, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं.

दुसरी गोष्टही माहीत होती. ती मीच सांगितली होती.

मधल्या हिवाळ्यात एका रविवारी बर्फाने बस बंद होत्या. आम्ही गाद्या हॉलमध्ये ओढून दिवसभर पडून होतो. मी तिला नागपूरचं सांगितलं. आम्ही बौद्ध, त्याआधी महार. आजोबांनी गावाने चिकटवलेलं आडनाव टाकून दिलं, तेव्हापासून आमच्या घरात वडिलांचं नावच शेवटी लागतं. इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेत मी सगळी उत्तरं बरोबर दिल्यावर सर बाहेरच्या परीक्षकांकडे बघून म्हणाले होते, "यांना तर पास करावंच लागतं." ते दोघं हसले होते. मी थँक यू म्हणून बाहेर आले होते.

मधुरा रडली. माझा हात धरून म्हणाली, "माझ्यासमोर कोणी असं बोललं ना, तर मी ऐकून घेणार नाही. सीरियसली."

मी तिच्यावर विश्वास ठेवला. भारताबाहेर, माझ्या समाजाबाहेर, हे मी सांगितलेलं ते पहिलंच माणूस.

सामन्याची तिकिटं मंडळात तीच घेऊन गेली होती. "आपल्या मुलीला चिअर करायला सगळे येणार," म्हणाली. डॉक्टरकाकांच्या शेजारी तिने स्वतःहून जागा धरली. डॉक्टरकाका एकोणीसशे सत्तरच्या आसपास इथे आलेले, आता निवृत्त. मंडळात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. नवीन आलेल्यांना नोकरी, घर, ओळखी, सगळं त्यांच्याकडून मिळतं. मधुरा तेव्हा नोकरी बदलायच्या विचारात होती.

उरलेला सामना मी उभी राहिले. किती गोल दाखवले ते आठवत नाही. एकही नोंद चुकली नाही एवढं माहीत आहे, कारण दोन्ही टोकांच्या अंपायरांनी लिहून ठेवलेले गुणांचे आकडे शेवटी जुळले.

सामना संपल्यावर या खेळात प्रेक्षकांना मैदानात सोडतात. मुलं चेंडू घेऊन धावली. मंडळाची माणसंही कुंपण ओलांडून आली. डॉक्टरकाका पुढे, मधुरा कॅमेरा घेऊन मागे.

"वा," काका म्हणाले. "आपली मराठी मुलगी या गोऱ्यांच्या खेळात. अभिमान वाटला हो. येत्या गणपतीत तुझा सत्कार ठेवू. ये, फोटो काढू."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मधुराने कॅमेरा डोळ्याला लावला. "स्माइल कर की," म्हणाली.

त्या क्षणी हसणं सोपं होतं. तोंडी परीक्षेनंतर मी थँक यू म्हणाले होते, तेही सोपंच होतं. शाळेत, हॉस्टेलमध्ये, पहिल्या नोकरीत, प्रत्येक वेळी सोपं तेच मी केलं होतं. तरी पुढच्या वेळी कोणी थांबलं नव्हतं.

मी त्यांचा हात खांद्यावरून काढला.

"काका, तुम्ही विचारलंत, ही बाई कुठून आणली. मग आडनाव विचारलंत. मग म्हणालात, सवलत इथंही पोचली. मधुरा म्हणाली, कटऑफ खाली आणला असेल. मग तुम्ही सगळे हसलात. मी खांबाजवळ उभी होते. सगळं ऐकू येतं तिथे."

काकांनी मधुराकडे पाहिलं. मग म्हणाले, "अगं, प्रेक्षक बोलतातच. खेळात एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं. आम्ही जातपात मानत नाही. इथे कोण मानतं?"

"मग आडनाव कशाला हवं होतं?"

ते घड्याळ बघायला लागले.

मधुराने कॅमेरा खाली घेतला. "गंमत होती गं. तू पण ना. काकांच्या बोलण्यावर बोलून गेले."

"चेंडू खांबाला लागला होता," मी म्हणाले. "तुला दिसलं?"

"हो. आवाजही आला."

"मग ते का नाही सांगितलंस त्यांना?"

ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात, जणू मला समजायलाच हवं अशा सुरात म्हणाली, "सगळ्यांसमोर काकांना खोटं पाडू का मी?"

तेव्हा मला कळलं. तिला राग नव्हता, द्वेषही नव्हता. काकांचा मान सांभाळायचा होता, आणि त्या बदल्यात द्यायला तिच्या हाताशी मी होते. बर्फाच्या दिवशी मी तिला जे दिलं ते तिने जपून ठेवलं होतं, आणि गरज पडली तशी वापरलं. त्या प्राध्यापकाने माझा अपमान केला, पण त्याने मला काही वचन दिलं नव्हतं.

मी फोटो काढू दिला नाही. बॅग उचलली आणि एकटीच बसने गेले.

सोमवारी ऑफिसात ग्रेगने विचारलं, त्या लोकांशी काय बिनसलं. मी जेवणाच्या सुट्टीत सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण मला तर तुम्ही सगळे एकच वाटता." त्याला कळलं नाही. पण त्याने मला स्माइल करायला सांगितलं नाही.

महिनाअखेर मी मिसिसागात बेसमेंटमधली खोली बघून राहायला गेले. मधुरा दारात उभी राहून म्हणाली, "एका जोकवरून?" उत्तर तिला माहीत होतं.

गणपतीच्या आधी मंडळातून फोन आला. सत्कार ठरला आहे, शाल-श्रीफळ, दोन शब्द बोलायचे. मी म्हणाले, येते. खांबांच्या मागे जे बोललं गेलं तेच मंचावरून बोलेन, बोलणाऱ्यांच्या नावांसकट. पलीकडून आवाज आला, "ताई, फॅमिली फंक्शन आहे. वातावरण खराब होईल." मी म्हणाले, वातावरण मैदानावरच खराब झालं, तेव्हा तुम्हाला चाललं. मग मीच ठेवते म्हणाले, आणि फोन ठेवला. सत्कार दुसऱ्या कोणाचा तरी झाला.

माझी चूक विश्वास ठेवण्यात नव्हती. ही गोष्ट विश्वासात घेऊन, हलक्या आवाजात, एकाच माणसाला सांगायची असते, असं मला शिकवलं गेलं होतं. ते शिकवणं खोटं होतं. हलक्या आवाजात सांगितलेलं ऐकणाऱ्याच्या मालकीचं होऊन जातं. मग ते कधी, कुठे, कोणासमोर काढायचं हे तो ठरवतो.

आता ते मी ठरवते. कोणी मराठी माणूस भेटला, आणि नाव ऐकून पुढच्या शब्दाची वाट बघत थांबला, की मी त्याला थांबू देत नाही. बौद्ध, नागपूर, राखीव जागेवर शिकलेली, आणि शिकले याची लाज नाही. पहिल्या भेटीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. ज्याला उठून जायचं असेल त्याने जावं.

मी उठणार नाही.