जोगिंदर पुढे गेला

धोंडीभाऊच्या दहाव्याला मढ गावच्या ओढ्याकाठी मांडव होता, माइक होता आणि माझ्या तोंडाला कुलूप होतं. तीन आठवडे झाले, राग उतरत नाही... पुढाऱ्यांवरचा आहेच, त्याहून जास्त माझ्यावरचा.

धोंडीभाऊ माझा चाळीस वर्षांचा मित्र. मेंढपाळाच्या घरातला, फौजेत जाऊन कमांडो झालेला. लढाईत त्याच्या तुकडीने शत्रूचं समुद्रकाठचं तोफांचं ठाणं घेतलं होतं. मांडवात एक पुढारी गरजले, "हा वाघ एकटा सुरुंगांवरून धावत गेला!" टाळ्या पडल्या. दहाव्याला टाळ्या!

खरं काय ते त्याने मला एकदाच सांगितलं होतं. काँक्रीटच्या भिंतींआड तोफा, अलीकडे वाळूत पेरलेले सुरुंग. पहाटेच्या उजेडात धोंडीभाऊला वाळूवर ताज्या लेंड्या दिसल्या. बकरी जिथून गेली तिथून माणूसही जाईल, म्हणून तो पुढे आणि बाकीचे त्याच्या पावलावर पाऊल टाकत मागे. मध्येच लेंड्या संपल्या.

"आमची मेंढपाळांची खोड, गुरुजी. वाट हरवली की आमी अंग चोरून हुबं ऱ्हातो, म्हातारी मेंढी फुडं सोडतो. मी तसाच थांबलो. माझ्या मागं आमच्या तुकडीतला जोगिंदर व्हता. त्येला वाटलं, मी वाट दिली... त्यो फुडं गेला."

कुठून जायचं नाही, ते जोगिंदरच्या पायाखालच्या स्फोटाने दाखवलं. बाकीचे दुसरीकडून वळले, तोफा बंद पडल्या, पदक धोंडीभाऊला मिळालं.

"माझ्या दहाव्याला तेवढं जोगिंदरचं नाव घ्या. लई वरसं झाली, कुनी घेतलं न्हाई."

मी शब्द दिला होता. माइक हातात आला आणि कुणीतरी कानाशी लागलं, "गुरुजी, दोनच मिनिटं. सायबांना मंचरला दुसरा दहावा गाठायचाय." मी 'भावपूर्ण श्रद्धांजली' म्हणालो आणि खाली बसलो. खोटं बोलल्याबद्दल पोरांना आयुष्यभर छड्या मारणारा मी!

लढाईवरून आल्यापासून धोंडीभाऊने कुणाला पुढे जाऊ दिलं नाही. बांधावर, दारात, एसटीत चढताना आधी तोच. पाव्हण्यालाही हात आडवा लावायचा. फौजेत शिस्त शिकला, रीत नाही शिकला, म्हणून आम्ही त्याला हसायचो. हसलो, याचीही आता चीड येते.

परवा त्याच्या घरी गेलो. शेतातल्या अरुंद पायवाटेवर त्याची बायको, हौसावहिनी, भेटल्या. "व्हा फुडं, गुरुजी." माझा पाय उचलेना. तिथेच उभ्या उभ्या मी जोगिंदरचं नाव घेतलं, मोठ्याने.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "ह्ये मांडवात बोलायचं व्हतं," त्या म्हणाल्या, आणि मला ओलांडून पुढे गेल्या.